आठवड्याचं इंजेक्शन: सेमाग्लुटाइडचं पेन नीट कसं वापरायचं

सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेऊन आठवडा उलटला तरी त्यातलं साधारण निम्मं औषध अंगात शिल्लक असतं. आणखी आठवड्याने पाव उरतं. म्हणूनच ते आठवड्यातून एकदा घेतलं की पुरतं, आणि म्हणूनच दर आठवड्याचा नवा डोस जुन्या शिलकीवर चढत जातो. अंगातली पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे लागतात. डोस सावकाश का वाढवायचा, चुकलेला डोस कधी घ्यायचा नि कधी सोडून द्यायचा, मळमळ एकदा सुरू झाली की दोन तासांत का जात नाही, या सगळ्याचं उत्तर या हिशोबात आहे. पेन चालवणं अवघड नाही. गोष्टी बिघडतात त्या बहुधा घाईने.

टाइप २ मधुमेहासाठी डॉक्टरांनी हे औषध लिहून दिलेल्या प्रौढांसाठी हा लेख आहे. ड्युलाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड हीसुद्धा आठवड्याची इंजेक्शनं; त्यांची रीत बरीचशी अशीच, पण आकडे वेगळे. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो दिला आहे.

हे इन्सुलिन नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, त्याची ही नक्कल आहे. रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, यकृतातून साखर बाहेर काढणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालतं, पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि भूक कमी करतं. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांच्यासाठी हे औषध नाही. आणि जे इन्सुलिन घेत आहेत त्यांनी हे सुरू झालं म्हणून इन्सुलिन एकदम बंद करू नये. असं केल्याने कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याची गंभीर अवस्था) होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागल्याची उदाहरणं आहेत.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालेला असेल, किंवा एमईएन २ हा आनुवंशिक विकार असेल, तर हे औषध घ्यायचं नाही. थायरॉइड नीट काम करत नाही म्हणून रोज गोळी घेणं ही वेगळी गोष्ट. तेवढ्याने अडचण येत नाही.

पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, जेवण पोटात तासन्‌तास पडून राहण्याचा त्रास आहे का, मूत्रपिंडाचं काम कितपत चालतं, हेही सांगा. गरोदर राहायचा विचार असेल तर औषध किमान २ महिने आधी बंद करावं लागतं. अंगातून पुरतं निघून जायला बराच वेळ लागतो.

डोळ्यांची तपासणी मात्र हमखास राहून जाते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या, तोही औषध सुरू होण्याआधी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सस्टेन-६ या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सेमाग्लुटाइडमुळे कमी झालं, पण पडद्याच्या गुंतागुंती मात्र जास्त दिसल्या: ३ टक्के रुग्णांत, तर औषध नसलेल्या गटात १.८ टक्के. बरीच वर्षं चढलेली साखर झपाट्याने उतरली की आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. पडदा खराब आहे हे आधी कळलं तर डॉक्टर साखर हळू उतरवतात.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या याच मार्गाने काम करतात. दोन्ही एकत्र घेऊन फारसा फायदा नाही, त्यामुळे त्या सहसा बंद होतात.

डोसच्या पायऱ्या

पहिले ४ आठवडे ०.२५ मिलिग्रॅम. हा डोस साखर उतरवण्यासाठी नसतोच, पोटाला सवय लावण्यासाठी असतो. त्यामुळे महिनाभरात ग्लुकोमीटरवर फार फरक दिसला नाही तर औषध लागू पडत नाही असं समजू नका.

पाचव्या आठवड्यापासून ०.५ मिलिग्रॅम. त्यावर किमान ४ आठवडे काढून, साखर अजून हवी तेवढी उतरली नसेल तर १ मिलिग्रॅम, आणि तशीच गरज पडली तर पुढे २ मिलिग्रॅम. मधुमेहासाठीच्या या इंजेक्शनची कमाल मर्यादा ती. प्रत्येकाने शेवटच्या पायरीपर्यंत जायलाच हवं असं मुळीच नाही. ०.५ वर साखर ताब्यात असेल तर तिथेच थांबायचं. मळमळ चालूच असेल तर पुढची पायरी आणखी काही आठवडे लांबवायला डॉक्टरांना सांगा; उशिरा वाढवल्याने काही बिघडत नाही, लवकर वाढवल्याने बिघडतं.

टिर्झेपेटाइडची सुरुवात २.५ मिलिग्रॅमने होते आणि ४ आठवड्यांनी ५ होतात. ड्युलाग्लुटाइड साधारणपणे ०.७५ ने सुरू होतं. एका औषधाचे मिलिग्रॅम दुसऱ्याला लावायचे नाहीत. ५ हा आकडा १ पेक्षा मोठा दिसतो म्हणून ते औषध पाचपट जोरदार ठरत नाही.

पेन आणि सुई

दिसायला सारखी पेनं वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. एका पेनात ०.२५ आणि ०.५ हे दोन डोस निवडता येतात, दुसऱ्यात फक्त १, तिसऱ्यात फक्त २. प्रत्येकात एका मिलिलिटरला औषध किती, ते वेगळं असतं. म्हणून डोस फिरवताना होणारी टिकटिक मोजून ‘अर्धा डोस’ काढण्याची जी युक्ती सांगितली जाते ती धोक्याची आहे. एका पेनावरचा हिशोब दुसऱ्यावर चुकतो. खिडकीत दिसणारा आकडाच खरा. दर वेळी लेबलावरचं नाव, तीव्रता आणि मुदतीची तारीख वाचा, विशेषतः घरात इन्सुलिनचंही पेन असेल तर.

सुई ४ मिलिमीटरची पुरते, अंगाने जाड असणाऱ्यांनाही. कातडीची जाडी सगळ्यांची जवळपास सारखी असते आणि औषध तिच्याखालच्या चरबीत पोचलं की झालं. लांब सुई स्नायूत शिरू शकते, दुखतंही जास्त.

टोचण्याची रीत

वार ठरवा. औषधाची पातळी टोचल्यानंतर १ ते ३ दिवसांत सर्वांत वर असते, मळमळही बहुधा त्याच काळात होते. ते दिवस कामाच्या धबडग्यात येणार नाहीत असा वार बरा. दिवसाची वेळ कोणतीही चालते, जेवणाआधी किंवा नंतर.

१. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. थंडगार औषध जास्त झोंबतं.

२. हात साबणाने धुवा. टोपण काढून औषध पाहा. ते पाण्यासारखं स्वच्छ, बिनरंगी हवं. गढूळ दिसलं, रंग आला किंवा कण तरंगताना दिसले तर ते पेन वापरायचं नाही.

३. नवी सुई सरळ धरून घट्ट फिरवून बसवा. वाकडी बसली तर औषध कडेने गळतं. बाहेरचं टोपण काढून बाजूला ठेवा, आतलं छोटं टोपण टाकून द्या.

४. पेन नवीन असेल तर पहिल्या वापराआधी प्रवाह तपासा. डोसची चकती तपासणीच्या खुणेपर्यंत फिरवा, सुई वर धरा, बटण दाबून ० येईपर्यंत धरून ठेवा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा करा, ६ वेळांपर्यंत. तरी नाही तर सुई बदलून एकदा पाहा. तेव्हाही थेंब आला नाही तर पेन खराब. ही तपासणी नव्या पेनाला एकदाच. दर आठवड्याला केली तर औषध वाया जाऊन शेवटचा डोस अपुरा पडतो. इन्सुलिनच्या पेनाचा नियम उलटा आहे, तिथे दर वेळी हवा काढतात.

५. चकती फिरवून डोस निवडा. पेनात औषध कमी उरलं असेल तर आकडा तुमच्या डोसच्या अलीकडेच अडतो. जोर लावू नका.

६. जागा: पोट, मांडीचा पुढचा भाग किंवा दंडाची मागची-बाहेरची बाजू. पोटावर टोचताना बेंबीभोवतीचे ५ सेंटिमीटर सोडा. दंडावर स्वतःला टोचणं अवघड जातं, तिथे दुसऱ्याने टोचलेलं बरं. मागच्या वेळच्या जागेपासून निदान दोन बोटं सरका. वण, निळसर डाग किंवा हाताला गाठ लागते तिथे टोचू नका.

७. सुई सरळ, काटकोनात आत घाला. बटण दाबा, खिडकीत ० येईपर्यंत धरा आणि त्यानंतरही दाबून धरून सावकाश ६ पर्यंत मोजा. खिडकीवर बोट येऊ देऊ नका. त्याने आकडा अडतो आणि डोस मध्येच थांबतो.

८. सुई सरळ बाहेर काढा. रक्ताचा ठिपका आला तर कापूस हलके दाबा, चोळू नका.

९. सुई लगेच काढून कडक डब्यात टाका.

सुईच्या टोकावर एखादा थेंब राहणं ठीक आहे. पण सुई काढताच औषधाची बारीक धार आली, तर ६ मोजण्याआधीच सुई निघाली आणि डोस पूर्ण गेला नाही, असं समजा. अशा वेळी अंदाजाने वरचा डोस घेऊ नका. किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मागच्या आठवड्यांची शिल्लक असतेच. पुढचा डोस ठरल्या दिवशी नीट घ्या. साखर मात्र त्या आठवड्यात एक-दोनदा जास्त तपासा.

सुई पेनालाच लावून ठेवण्याची सवय फार दिसते. त्यातून औषध गळतं, आत हवा शिरते, टोकाशी औषध सुकून सुई बुजते आणि जंतूंनाही वाट मिळते. नवी सुई लावली तरी पेन दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, नवरा-बायकोनेसुद्धा नाही. टोचताना रक्ताचा अंश पेनात मागे ओढला जाऊ शकतो.

इन्सुलिनही घेत असाल तर दोन्ही एका सिरिंजमध्ये मिसळू नका. पोटावर दोन्ही टोचली तरी चालतात, फक्त शेजारी-शेजारी नकोत.

डोस चुकला तर

सेमाग्लुटाइडला ५ दिवसांचा नियम. चुकलेला दिवस उलटून ५ दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्या वारी. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडून द्या. समजा वार बुधवार आहे: रविवारी आठवलं तर तेव्हाच घ्या आणि येत्या बुधवारी पुन्हा घ्या, मंगळवारी आठवलं तर थांबा, थेट बुधवारीच. भरपाई म्हणून दोन डोस एकदम कधीच नाही. वार कायमचा बदलायचा असेल तर दोन डोसांमध्ये किमान ४८ तास हवेत.

टिर्झेपेटाइडला उशिराची मुभा ४ दिवसांची आणि दोन डोसांमधलं अंतर किमान ७२ तास. ड्युलाग्लुटाइडचा पुढचा डोस ३ दिवसांपेक्षा जवळ आला असेल तर चुकलेला सोडायचा.

ओळीने दोन-तीन आठवडे औषध राहून गेलं, तर मात्र जुन्याच मोठ्या डोसवर परत उडी मारू नका. शिल्लक संपलेली असते, पोटाची सवय मोडलेली असते. डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा खालच्या पायरीपासून पुन्हा चढावं लागतं.

पोट कुरकुरतं तेव्हा

मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता, ढेकरा हे सगळं होऊ शकतं, मुख्यतः सुरुवातीला आणि डोस वाढल्यावर. पोट सावकाश रिकामं होत असताना नेहमीएवढं जेवणं हे बऱ्याचदा त्याचं कारण असतं. निम्मं वाढून घ्या, सावकाश खा, पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की ताटात उरलं तरी थांबा. तेलकट पदार्थ पोटात सर्वांत जास्त वेळ राहतात, म्हणून टोचल्यानंतरचे दोन दिवस तरी ते टाळा. जेवून लगेच आडवं होऊ नका. भूक कमी झाल्यावर प्रथिनं कमी पडतात आणि वजनाबरोबर स्नायूही झडतात. म्हणून जेवणात प्रथिनांचा पदार्थ आधी खा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा तत्सम व्यायाम करा.

भुकेबरोबर तहानही मंदावते, हे सहसा कुणी सांगत नाही. पाणी आठवणीने प्या. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा दिवशी मेटफॉर्मिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे डॉक्टरांकडून बरं असतानाच कागदावर लिहून घ्या. एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळजवळ उपाशी राहिल्यावर धाप लागली, पोट दुखलं, उलट्या थांबेनात, तर साखर फार वाढलेली नसली तरी कीटोन तपासून घ्यावेत.

साखर खूप उतरण्याचा धोका

हे औषध एकटं किंवा मेटफॉर्मिनसोबत घेतलं तर साखर धोकादायक उतरण्याची शक्यता कमी. पण सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर ती खरी आहे, कारण त्यांना साखर किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून सेमाग्लुटाइड सुरू करताना त्यांचे डोस बरेचदा कमी केले जातात. डॉक्टरांनी ते आपणहून सांगितलं नाही तर विचारा. सुरुवातीचे आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतर सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर तपासा.

थरथर, घाम, धडधड, चिडचिड. मीटरवर ७० पेक्षा कमी. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढंच. ५४ च्या खाली गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

औषधाचा खरा निकाल एचबीएवनसी ही सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी दाखवते, आणि तीही तीन महिन्यांनी. वजन उतरत गेलं की रक्तदाबही उतरतो. उठून उभं राहताना चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

याला मळमळ समजून घरी बसू नका

पोटाच्या वरच्या भागात जोराचं, न थांबणारं दुखणं, पाठीकडे जाणारं, उलट्यांसह किंवा उलट्यांशिवाय: स्वादुपिंडाला सूज आली असेल. पुढचा डोस घेऊ नका, तडक रुग्णालयात जा. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. वजन वेगाने उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते. एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणं किंवा अंधुक होणं फार दुर्मीळ, पण त्यात तासही वाया घालवू नये. मानेत गाठ, आवाज बसणं किंवा गिळायला त्रास असेल तर दाखवा. चेहरा, ओठ सुजले, श्वास अडला तर ती अ‍ॅलर्जी.

साठवण आणि प्रवास

न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीझरच्या कप्प्याला किंवा मागच्या थंड भिंतीला टेकलेलं नको. एकदा गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी फेकायचंच. वापरायला काढलेलं पेन ३० अंशांखाली बाहेर किंवा फ्रिजमध्ये, कुठेही चालतं. पण पॅकमधल्या पत्रकात दिलेल्या ६ किंवा ८ आठवड्यांनंतर औषध उरलं तरी ते टाकून द्या. उघडल्याची तारीख पेनावर लिहून ठेवा. टोपण लावलेलं असावं, उजेड नको.

प्रवासात पेन हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं आणि उन्हात उभ्या गाडीत शिजतं. बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा.

कुपीतलं आणि बनावट औषध

पेनाऐवजी कुपी नि सिरिंज हाती आली तर जास्त सावध राहा. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिट असतात, औषध मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आणि मधला हिशोब कुपीच्या तीव्रतेवर ठरतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात ठरल्यापेक्षा ५ ते २० पट डोस घेतला गेल्याची प्रकरणं आहेत. जास्त डोस गेला की उलट्या दिवसभरात आटपत नाहीत; शिल्लक उतरेपर्यंत चालतात. किती मिलिलिटर ओढायचं ते लिहून घ्या आणि पहिल्यांदा नर्ससमोर ओढून दाखवा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. सील तुटलेलं, लेबलावर अक्षरांच्या चुका, खोक्यावरचा आणि पेनावरचा बॅच क्रमांक वेगळा, असं काहीही दिसलं तर टोचू नका.

शस्त्रक्रिया, आणि औषध थांबवणं

भूल देऊन काहीही करायचं असेल, अगदी दुर्बिणीने पोटाची तपासणीसुद्धा, तर हे औषध चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ठरलेले तास उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. एखादा डोस टाळायचा की आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थांवर राहायचं, हे ते ठरवतील. आदल्या रात्री सांगून उपयोग नाही, औषध अंगात असतंच.

टिर्झेपेटाइड घेणाऱ्या स्त्रियांसाठी एक वेगळी सूचना: गर्भनिरोधक गोळीचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर ४ आठवडे निरोधसारखं दुसरं साधन जोडीला वापरावं.

औषध बंद करायचं ठरलं तर पहिल्या आठवड्यातली चांगली साखर पाहून ‘गरज नव्हतीच’ असा निष्कर्ष काढू नका. शिल्लक औषध अजून काम करत असतं. अंगातून ते निघून जायला पाच आठवड्यांच्या आसपास लागतात, भूक आणि साखर त्या काळात हळूहळू वर येतात. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर निदान दोन महिने उपाशीपोटीची साखर नियमित तपासा, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचे कमी केलेले डोस परत कधी वाढवायचे ते थांबण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.